पावसाचा मिलिमीटर आणि वहीतले एकक

पावसाळ्यात वर्तमानपत्राचे पहिले पान उघडले की एकाच बातमीत तीन निरनिराळी मापे शेजारी शेजारी बसलेली दिसतात. पाणलोट क्षेत्रात इतके मिलिमीटर पाऊस झाला, धरणाच्या दरवाजांतून इतक्या क्युसेकने विसर्ग सुरू केला आणि साठा इतक्या टीएमसीवर पोहोचला. तिन्ही आकडे पाण्याचेच आहेत. पण ‘एवढ्या पावसाने धरणात किती पाणी आले असेल?’ असा साधा प्रश्न सातवीतल्या मुलाने विचारला, तर पाणलोट क्षेत्राचे चौरस किलोमीटर हाताशी असूनही त्याचे उत्तर चटकन काढता येत नाही, कारण मिलिमीटर मीटरच्या घराण्यातला आहे आणि घनफुटांवर चालणारे क्युसेक व टीएमसी फुटाच्या घराण्यातले.

त्याच मुलाच्या विज्ञानाच्या वहीत ‘उत्तर : ५०’ एवढेच लिहिल्याबद्दल अर्धा गुण कापलेला असतो आणि शेजारी लाल शाईने ‘एकक?’ असे लिहिलेले असते. पालकांना हा काटेकोरपणा जाचक वाटतो. घरात उंची फुटात सांगितली जाते, सोने तोळ्यावर, जमीन गुंठ्यावर आणि वाळू ब्रासवर मोजली जाते, आणि त्यावाचून कुणाचे काही अडत नाही. मग वर्गात मात्र मीटर, ग्रॅम आणि लिटरचाच हट्ट का, असा त्यांचा प्रश्न असतो. तो रास्त आहे, आणि ‘दहाने गुणणे-भागणे सोपे जाते म्हणून’ हे त्याचे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते.

एकक म्हणजे नेमके काय?

जे मोजता येते, म्हणजे लांबी, वस्तुमान, वेळ, तापमान, त्याला भौतिक राशी म्हणतात. आणि ती मोजण्यासाठी सर्वांनी मान्य केलेले जे ठरावीक माप, ते एकक. कुठलेही मोजमाप हे या मापाशी केलेली तुलना असते. ‘विहिरीवर वीस हात दोर लागेल’ असे म्हटले, तर पुढचा प्रश्न आपोआप येतो : कुणाचे हात? वीस हा आकडा हाताच्या लांबीशिवाय काहीच सांगत नाही.

हात निदान डोळ्यांसमोर तरी असतो. मणाचे तसे नव्हते. इंग्रजी अमदानीतल्या हिशेबात मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅमचा होता, तर बंगालचा मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा. शब्द एकच, माल जवळजवळ तिप्पट. अशी गावोगावची मापे मोडून देशभर एकच माप आणण्यासाठी १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने लागू होत गेली. दशमान पद्धती म्हणजे मीटर, ग्रॅम, लिटर या मापांची पद्धती. हिच्यात प्रत्येक लहान-मोठे माप दहाच्या पटीत चढते-उतरते. आज विज्ञानात वापरतात ते तिचेच सुधारलेले आंतरराष्ट्रीय रूप असून ते १९६० साली निश्चित झाले.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी?

आता पावसाकडे वळू. ‘आज ५० मिलिमीटर पाऊस झाला’ याचा अर्थ असा की पडलेले पाणी वाहून गेले नसते, जिरले नसते आणि वाफ होऊन उडाले नसते, तर सपाट जमिनीवर ५० मिलिमीटर उंचीचा थर साचला असता. पाऊस लांबीच्या एककात का मोजतात, हे अनेक मोठ्या माणसांनाही कोडे वाटते. पण थराची उंची कळली की ज्याला हवे त्याने आपापल्या छपराच्या किंवा शेताच्या क्षेत्रफळाने तिला गुणावे, अशी ती सोय आहे.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा अंगणाचा तुकडा घ्या. त्यावर एक मिलिमीटर पाणी साचले, तर ते किती झाले? एक मिलिमीटर म्हणजे मीटरचा हजारावा भाग. म्हणून हे पाणी एका घनमीटरचा हजारावा भाग, म्हणजे बरोबर एक लिटर. कारण लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि तेवढ्याच उंच अशा डब्यात मावणारे पाणी, आणि असे हजार डबे एका घनमीटरमध्ये बसतात. शिवाय एक लिटर पाण्याचे वस्तुमान जवळपास एक किलोग्रॅम भरते, कारण किलोग्रॅम मुळात त्याच डब्यातल्या पाण्यावरून ठरवला गेला होता. म्हणजे मोजपट्टीवरून डबा, डब्यावरून तराजू, असा प्रवास मधे कुठेही अडखळत नाही.

यावरून किती गोष्टी सुचतात ते पाहा. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच हजार लिटर पाणी मिळते. हा हिशेब तोंडी होतो. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. तो आकडा आपण इतक्यांदा ऐकला आहे की तो आता नुसता आकडाच राहिला आहे. पण प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर, म्हणजे जवळजवळ एक टन पाणी एका दिवसात ओतले गेले, असे म्हटले की मिठी नदीचे त्या दिवशी काय झाले असेल ते कळू लागते.

हेच माप मोठे करू. एक चौरस किलोमीटर म्हणजे दहा लाख चौरस मीटर. म्हणून त्यावरचा एक मिलिमीटर पाऊस दहा लाख लिटर, अर्थात हजार घनमीटर. शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर एक कोटी घनमीटर पाणी. शून्ये मोजण्यापलीकडे यात गणित नाही. (त्यातले किती धरणात पोहोचेल, हे जमीन, झाडी आणि आधीची ओल यांवर ठरते, तो वेगळा आणि अवघड विषय आहे.)

आता हीच गोष्ट दुसऱ्या घराण्यात करून पाहू. एक मैल म्हणजे ५,२८० फूट, म्हणून एक चौरस मैल म्हणजे २,७८,७८,४०० चौरस फूट. एक इंच हा फुटाचा बारावा भाग, म्हणून एका चौरस मैलावर एक इंच पाऊस म्हणजे २३,२३,२०० घनफूट. आणि त्याचे ब्रिटिश गॅलन करायचे तर पुन्हा सुमारे ६.२३ ने गुणायचे. उत्तर येते, पण वाटेत ५,२८०, १२ आणि ६.२३ हे तीन आकडे पाठ असावे लागतात, आणि पावसाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही.

बातमीतले टीएमसी याच घराण्यातले. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजेच शंभर कोटी घनफूट. घनमीटरमध्ये सुमारे २.८३ कोटी. कोयना धरणाची १०५.२५ टीएमसी ही साठवण क्षमता सुमारे २९८ कोटी घनमीटर होते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. धरणातून ११,५७४ क्युसेकने पूर्ण चोवीस तास पाणी सोडले तर एक टीएमसी साठा उतरतो. आपसात ही दोन मापे नांदतात, पण पावसाच्या मिलिमीटरशी त्यांचे जमत नाही. आपली पर्जन्यमापके मिलिमीटरवर आली आणि धरणांचे बोलणे मात्र घनफुटातच राहिले, म्हणून हा पेच पडतो.

वर्गातल्या मीटर-लिटर-किलोग्रॅमचे खरे कारण हे आहे. दहाची सोय आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही एकके एकमेकांतून निघतात. विज्ञानाच्या तासाला नुसती लांबी किंवा नुसते वस्तुमान मोजून थांबता येत नाही. लांबीवरून आकारमान, वस्तुमान आणि आकारमानावरून घनता, अंतर आणि वेळेवरून वेग, असे एका राशीतून दुसरीत सतत जावे लागते, आणि प्रत्येक उंबरठ्यावर ५,२८० किंवा ६.२३ आडवा आला तर मूळ कल्पना बाजूला राहून मुलाचे सारे लक्ष त्या आकड्यातच अडकते.

पावकी-निमकीचे दिवस

जुन्या मापांवर चालणारे लोक हिशेबात कच्चे होते असे मात्र नव्हे. उलट फार पक्के होते, कारण त्यांना तसे व्हावेच लागे. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण, बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा, चार शेरांची पायली. यांवर रोजचा व्यवहार करायचा तर पाढ्यांपलीकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकावी लागे. पावपटीपासून साडेतीनपटीपर्यंतचे हे अपूर्णांकांचे पाढे शाळेत सुरात म्हटले जात. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, पाठोपाठ किलोग्रॅम आला, आणि या पाढ्यांचे कामच संपले. ‘पायलीचे पन्नास’ आणि ‘शेरास सव्वाशेर’ ही जुनी मापे आता भाषेत उरली आहेत, आणि तिथे ती शोभतात.

आकडा बरोबर आहे ना, मग गुण का कापले?

या आक्षेपाला कॅनडातल्या एका विमानाने फार महागडे उत्तर दिले आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघायचे होते. कॅनडा तेव्हा दशमान पद्धतीकडे वळत होता आणि कंपनीच्या ताफ्यातली ही नवी विमाने किलोग्रॅमवर चालणारी होती, जुनी पौंडांवर. त्या दिवशी इंधन दाखवणारी यंत्रणा बिघडलेली होती, म्हणून टाक्यांमध्ये पट्टी बुडवून इंधन मोजले गेले. टाक्यांत आधीचे ७,६८२ लिटर इंधन निघाले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. इंधन भरणारा टँकर लिटरमध्ये मोजतो, म्हणून लिटरचे किलोग्रॅम करणे आले, आणि त्यासाठी एका लिटरचे वस्तुमान हवे. कागदावर आकडा होता १.७७.

७,६८२ ला १.७७ ने गुणून १३,५९७ आले. २२,३०० मधून ते वजा जाऊन ८,७०३ उरले, त्यांना पुन्हा १.७७ ने भागून ४,९१७ लिटर आले आणि तेवढे इंधन भरले गेले. हा गुणाकार, वजाबाकी आणि भागाकार कुणीही तपासावा; अंकगणितात एकही चूक नाही. चूक एवढीच की १.७७ हा आकडा ‘दर लिटरला १.७७ पौंड’ असा होता. किलोग्रॅममध्ये तो सुमारे ०.८ व्हायला हवा होता. टाकीत मुळात १३,५९७ नव्हे, सुमारे ६,१७० किलोग्रॅम इंधन होते आणि आणखी २०,००० लिटरहून थोडे अधिक भरणे आवश्यक होते. विमान लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन उडाले.

वाटेत सुमारे ४१,००० फुटांवर असताना इंधन संपू लागले आणि एकापाठोपाठ दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते अजस्र विमान एखाद्या ग्लायडरसारखे तरंगवत खाली आणले आणि गिम्ली इथल्या हवाईदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. विमानातले सगळे ६९ जण वाचले; वैमानिकांच्या हातांची ती पुण्याई.

आता वहीतल्या लाल शाईकडे पुन्हा पाहा. १.७७ शेजारी ‘पौंड प्रति लिटर’ असे लिहिले असते, तर पुढच्याच ओळीत उत्तर पौंडात आले असते आणि किलोग्रॅममधून पौंड वजा करायला कुणाचा हात धजावला नसता. विज्ञानाचे चांगले शिक्षक म्हणूनच फक्त शेवटच्या उत्तरापुढे एकक मागत नाहीत. गणिताच्या प्रत्येक पायरीवर मागतात. एकके अपूर्णांकातल्या आकड्यांसारखीच वर-खाली कापली जातात : लिटर गुणिले किलोग्रॅम प्रति लिटर, यात लिटर लिटरला छेदते आणि किलोग्रॅम उरते. वेग काढताना उत्तराशेजारी ‘सेकंद प्रति मीटर’ उरले, तर भागाकार उलटा झाला आहे हे आकडा न तपासताही कळते. एकक हा उत्तराचा पहारेकरी आहे, आणि परीक्षेत फुकट मिळणारा पडताळाही.

‘एक किलो वजन’ म्हटले तर चालेल का?

किराणा दुकानात चालते, वर्गात चालत नाही. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे, म्हणजे वस्तूत किती द्रव्य आहे याचे एकक आहे. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने खेचते ते बल, आणि त्याचे एकक न्यूटन. एक किलो साखर पृथ्वीवर सुमारे ९.८ न्यूटनने खेचली जाते. चंद्रावर तिचे वजन जवळजवळ सहावा भाग होईल, साखर मात्र किलोभरच राहील. मराठीत आपण दोन्हींना ‘वजन’ म्हणतो, त्यामुळे हा घोळ मुलांचा नसून भाषेचा आहे, आणि शिक्षकांनी यावर रागावू नये असे मला वाटते.

मीटरचे माप तरी कुणी ठरवले?

हातासारखे ते कुणा एकाचे नसावे, ही मूळ अट होती. म्हणून १७९१ साली फ्रान्समध्ये ठरले की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. द्लांब्र आणि मेशँ या दोघा शास्त्रज्ञांनी डंकर्क ते बार्सिलोना हा पट्टा मोजण्यात १७९२ पासून सुमारे सात वर्षे घालवली. त्यांचा मीटर अपेक्षेपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला, हे पुढे लक्षात आले. तरी तोच कायम झाला. पृथ्वीचा घेर चार कोटी मीटरच्या, म्हणजे चाळीस हजार किलोमीटरच्या इतका जवळ का येतो, याचे कारण निसर्गाचा योगायोग नसून हेच आहे.

पुढे धातूची पट्टी आली, आणि १९८३ पासून प्रकाश निर्वात जागेत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर जातो त्याला मीटर म्हणतात. किलोग्रॅम मात्र पॅरिसजवळ जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका छोट्या दंडगोलावरच टेकून होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही वस्तूवरून सुटला आणि प्लांकच्या स्थिरांकाशी, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या संख्येशी बांधला गेला. बाजारातल्या साखरेला याने काही फरक पडला नाही.

अमेरिका तर अजूनही मैलावर चालते!

रस्त्यावर आणि स्वयंपाकघरात चालते, प्रयोगशाळेत नाही. शिवाय अमेरिका १८७५ च्या मीटर कराराची मूळची सदस्य आहे, आणि १९५९ पासून इंचाची व्याख्याच २५.४ मिलिमीटर अशी आहे. म्हणजे तिथला इंचही मीटरच्याच खांद्यावर बसून फिरतो.

दहाला तीनने भाग जात नाही, त्याचे काय?

हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. बारा इंचांच्या फुटाचे तीन सारखे भाग होतात, चार होतात, सहाही होतात. मीटरचे तीन भाग करू गेले तर ३३.३३ वर अडते. सुताराला, शिंप्याला आणि मिठाईवाल्याला बारा-सोळाची विभागणी खरोखर सोयीची होती. पण प्रयोगशाळेत वस्तू वाटायच्या नसतात, मोजायच्या असतात, आणि मोजमाप पट्टीच्या सर्वांत लहान रेघेपर्यंतच खरे असते. मिलिमीटरच्या रेघा असलेल्या पट्टीने तिसरा भाग ३३.३ सेंटिमीटर आला, की पुढचे तीन लिहिणेच चूक. पट्टीला न दिसलेली गोष्ट वहीत लिहिल्यासारखे ते होते.

वेळेच्या बाबतीत तर दशमान पद्धती हरलीच. १७९३ साली फ्रान्सने दहा तासांचा दिवस, शंभर मिनिटांचा तास आणि शंभर सेकंदांचे मिनिट कायद्याने आणले. १७९५ मध्ये ते गुंडाळावे लागले. त्यामुळे ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करताना ३.६ ने भागण्याची शिक्षा आजही प्रत्येक पिढी भोगते.

मग घरात तोळा आणि गुंठा बोलायचाच नाही का?

जरूर बोलावा, फक्त तो किती, हे माहीत असावे. कायद्याने दुकानातली विक्री दशमान मापातच व्हावी लागते, त्यामुळे सराफाच्या तोंडी तोळा हा शब्द राहिला तरी हिशेब दहा ग्रॅमचा असतो. जुना तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा होता. आजीच्या जुन्या वहीत ‘पाटल्या, पाच तोळे’ अशी नोंद असेल, तर ते ५० नव्हे, सुमारे ५८.३ ग्रॅम सोने आहे.

नऊवारी साडीतला वार ०.९१४४ मीटरचा, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला दोन सेंटिमीटर कमी. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. सातबाऱ्यावरचा आर मात्र बरोबर १०० चौरस मीटर. बोलताना दोन्ही एकच धरतात, आणि दोन-चार गुंठ्यांत ते खपूनही जाते. पण चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणजे चाळीस आर नव्हेत. तो सातबाऱ्यावर ०.४०.४७ असा, म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर आणि सत्तेचाळीस चौरस मीटर असा दिसतो, आणि शेवटच्या त्या दोन अंकांत पाचशे चौरस फुटांचे एक घर उभे राहते.